फेल रनिंग

फेल रनिंग हा ब्रिटनच्या, विशेषतः उत्तर इंग्लंडच्या, डोंगराळ भागात रुजलेला धावण्याचा क्रीडाप्रकार आहे. यात धावपटू बांधीव रस्ता सोडून उघड्या डोंगरउतारांवरून धावतात. गवताळ चढ, दलदल, सुट्या दगडांच्या घसरणी आणि ओढे पार करत ठरवून दिलेल्या शिखरांना किंवा तपासणी-ठाण्यांना स्पर्श करून ते परत येतात. दोन ठाण्यांमधील वाट कोणती घ्यायची, हे बहुतेक शर्यतींत धावपटूनेच ठरवायचे असते. त्यामुळे दम आणि पायांची ताकद यांच्याइतकेच या खेळात डोंगराच्या ओळखीला महत्त्व आहे. धुके दाटलेल्या दिवशी तर अधिक वेगवान परक्या धावपटूला मागे टाकून त्याच खोऱ्यातला मध्यम वेगाचा धावपटू पुढे येतो, असे अनेकदा घडते.

मैदानी शर्यतीत अंतर आणि वेळ या दोन गोष्टी मोजल्या जातात. फेल रनिंगमध्ये चढाई ही तिसरी गोष्ट असते. वारा, पाऊस आणि पायाखालची जमीन दर वर्षी वेगळी असल्याने एका वर्षीच्या वेळेची दुसऱ्या वर्षीच्या वेळेशी तुलना नेहमीच सैल राहते. या खेळातील विक्रमांकडे पाहताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

नाव

'फेल' हा शब्द डोंगर या अर्थाच्या प्राचीन नॉर्स भाषेतील 'फ्याल' या शब्दावरून आला. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी उत्तर इंग्लंडच्या खोऱ्यांत वस्ती केली आणि त्यांची भाषा तेथील भूगोलाला चिकटून राहिली. ओढ्याला 'बेक', डोंगरातील लहान तळ्याला 'टार्न', घळीला 'गिल' आणि खोऱ्याला 'डेल' म्हणण्याची रीत त्यातूनच आली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये 'फेल' याचा अर्थ केवळ शिखर असा नाही. गावाच्या कुंपणाबाहेरचे, मेंढ्या चरायला सोडण्याचे उंचावरचे मोकळे रान असाही त्याचा अर्थ होतो. 'डोंगरी धाव' या मराठी शब्दांत ही दुसरी छटा येत नाही, म्हणून या लेखात मूळ नावच ठेवले आहे.

स्वरूप आणि वर्गीकरण

इंग्लंडमधील शर्यतींचे नियमन प्रामुख्याने १९७० मध्ये स्थापन झालेली फेल रनर्स असोसिएशन ही संघटना करते. चढाईच्या प्रमाणानुसार शर्यतींचे तीन वर्ग केले जातात. 'ए' वर्गात दर किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ असावा लागतो आणि रस्त्याचा भाग २० टक्क्यांहून अधिक चालत नाही. 'बी' वर्गासाठी हे प्रमाण किलोमीटरमागे २५ मीटर, तर 'सी' वर्गासाठी २० मीटर आहे. लांबीनुसार १० किलोमीटरपर्यंतच्या शर्यती लहान, १० ते २० किलोमीटरच्या मध्यम आणि त्यापुढच्या लांब मानल्या जातात. म्हणजे 'ए' वर्गातील लांब शर्यतीत धावपटूला किमान एक हजार मीटर चढावे लागते आणि तितकेच उतरावे लागते.

फेल रनिंग आणि युरोपात प्रचलित असलेले 'माउंटन रनिंग' यांत अनेकदा गल्लत केली जाते. माउंटन रनिंगच्या शर्यती सहसा आखलेल्या, खुणा लावलेल्या वाटेवरून होतात आणि त्यांपैकी काही केवळ चढाच्याच असतात. फेल शर्यतीत उतार हा निम्मा खेळ असतो आणि वाटेवर खुणा असतीलच असे नाही.

उगम

या खेळाचा आरंभ अकराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये शोधण्याची प्रथा आहे. राजा तिसरा माल्कम याने वेगवान निरोप्या निवडण्यासाठी ब्रेमारजवळच्या एका टेकडीवर आपल्या माणसांची शर्यत लावली, अशी ती कथा आहे. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. खेळाचा सलग इतिहास एकोणिसाव्या शतकापासून सुरू होतो आणि त्याचे मूळ राजदरबारात नसून मेंढपाळांच्या जत्रांत आहे.

वर्षातून ठरावीक दिवशी खोऱ्यातील मेंढपाळ एकत्र येत, चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलेल्या मेंढ्या परत केल्या जात, खरेदी-विक्री होई आणि मग खेळ होत. कुस्ती, शिकारी कुत्र्यांची धाव आणि समोरच्या डोंगरावर चढून सर्वांत आधी परतण्याची पैज हे त्यांतले ठरलेले खेळ होते. ग्रासमियर येथील प्रसिद्ध 'गाइड्स रेस' १८६८ पासून होत आली आहे. पर्यटकांना डोंगरावर नेणाऱ्या वाटाड्यांवरून तिला हे नाव पडले. गावामागच्या डोंगरावर जाऊन परतायचे, एवढीच ही शर्यत. सारा मार्ग प्रेक्षकांना मैदानातूनच दिसत असल्याने तिच्यावर पैजाही लागत.

या शर्यतींत रोख बक्षिसे असत, त्यामुळे त्यांत धावणारे 'व्यावसायिक' ठरत. वास्तविक ते शिकाररक्षक, मेंढपाळ, खाणकामगार असे कष्टकरी लोक होते आणि बक्षिसाच्या रकमेवर कोणाचे घर चालत नव्हते. तरीही हौशी क्रीडासंघटनांनी त्यांना आपल्या शर्यतींची दारे बंद केली. एकाच डोंगरावर धावणाऱ्यांची ही विभागणी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत टिकली. शिकाररक्षक बिल टीसडेल यांनी गाइड्स रेस अकरा वेळा जिंकली, परंतु हौशी गटातील आपल्या समकालीनांशी त्यांची बरोबरी कधी लागू शकली नाही. हा अन्याय होता, असेच म्हणावे लागेल.

यॉर्कशरमधील बर्नसॉलची शर्यत याच परंपरेतली. १९१० मध्ये केझिकचे शिकाररक्षक अर्नेस्ट डाल्झेल यांनी ती १२ मिनिटे ५९.८ सेकंदांत पुरी केली. त्यांच्या उतरण्याच्या वेगावर अनेकांचा विश्वास बसला नाही आणि त्यावर दीर्घकाळ वाद चालला. डाल्झेल पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांची वेळ मात्र १९७७ मध्ये फ्रेड रीव्ह्ज यांनी मोडेपर्यंत, म्हणजे सदुसष्ट वर्षे अबाधित होती.

बेन नेव्हिस

ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस (१,३४५ मीटर) याच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात हवामान वेधशाळा चालत असे. तिच्यासाठी बांधलेल्या पायवाटेमुळे या डोंगरावर धावणे शक्य झाले. १८९५ मध्ये फोर्ट विल्यम गावातील विल्यम स्वान हे गावातून निघून माथा गाठून २ तास ४१ मिनिटांत परतले. त्यानंतर १८९८ मध्ये येथे पहिली स्पर्धा झाली. केनी स्टुअर्ट यांनी १९८४ मध्ये नोंदवलेली १ तास २५ मिनिटे ३४ सेकंद ही वेळ या खेळातील सर्वांत चिवट विक्रमांपैकी एक मानली जाते. स्टुअर्ट यांनी सुरुवात व्यावसायिक गटात केली होती आणि हौशी गटात प्रवेश मिळाल्यावर अवघ्या काही वर्षांत त्यांनी अनेक शर्यतींचे विक्रम आपल्या नावावर केले.

बॉब ग्रॅहम फेरी

लेक डिस्ट्रिक्टमधील बेचाळीस शिखरे चोवीस तासांच्या आत पायी पुरी करण्याच्या उपक्रमाला 'बॉब ग्रॅहम राउंड' म्हणतात. तो शर्यत नाही. त्याला प्रवेशशुल्क नाही, ठरलेली तारीख नाही, पदकही नाही. फेल रनिंगचा गाभा समजून घ्यायचा तर शर्यतींपेक्षा या फेरीकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

बॉब ग्रॅहम हे केझिक गावात पाहुण्यांसाठी निवासगृह चालवीत. चोवीस तासांत जास्तीत जास्त शिखरे गाठण्याची कल्पना लेक डिस्ट्रिक्टमध्ये त्यांच्या आधीपासून होती. १९०५ मध्ये डॉ. आर्थर वेकफील्ड यांनी तसा विक्रम केला होता. हेच वेकफील्ड पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी झाले. ग्रॅहम यांचा पहिला प्रयत्न फसला. १९३२ च्या जून महिन्यात, रात्र सर्वांत लहान असते त्या सुमारास, ते पुन्हा निघाले आणि २३ तास ३९ मिनिटांत केझिकच्या मूट हॉल या जुन्या सभागृहापाशी परतले. बेचाळीस ही संख्या त्यांच्या वयाच्या वर्षांवरून घेतली होती, असे सांगतात. पायांत साधे टेनिसचे बूट, अंगावर पायजम्याचा वरचा सदरा आणि खाण्यासाठी पाव-लोणी, उकडलेले अंडे, फळे व गोड पदार्थ, असा त्यांचा सरंजाम वर्णिला जातो. तयारीसाठी ते या डोंगरांवर पुनःपुन्हा चालत गेले होते आणि वाटेचा प्रत्येक भाग त्यांच्या पायाखालचा होता.

फेरीचे अंतर सुमारे १०६ किलोमीटर आणि एकूण चढाई सुमारे ८,२०० मीटर भरते. मराठी वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) माथ्यापर्यंत एका दिवसात पाच वेळा चढण्याइतकी, आणि तितक्याच वेळा उतरण्याइतकी, ही मेहनत होते. मार्गाचे पाच टप्पे पडतात. थ्रेलकेल्ड, डनमेल रेझ, वॉस्डेल आणि हॉनिस्टर या चार ठिकाणी तो रस्त्याला येऊन मिळतो आणि तेथे अन्न, कोरडे कपडे व ताजे सोबती मिळू शकतात. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्कॉफेल पाइक (९७८ मीटर) याच मार्गावर आहे.

ग्रॅहम यांचा पराक्रम अठ्ठावीस वर्षे कोणालाही पुन्हा करून दाखवता आला नाही आणि तो खरोखर घडला का, अशी शंकाही काहींनी घेतली. १९६० मध्ये ॲलन हीटन यांनी २२ तास १८ मिनिटांत फेरी पुरी केल्यावर ती शंका मिटली. १९७१ मध्ये 'बॉब ग्रॅहम २४ अवर क्लब' स्थापन झाला. या मंडळाचे सदस्यत्व पैशाने मिळत नाही. फेरी चोवीस तासांत पुरी करणे आणि प्रत्येक शिखरावर सोबतचा साक्षीदार असणे, या दोनच अटी आहेत. आजवर दोन हजारांहून अधिक लोकांनी त्या पुऱ्या केल्या आहेत.

साक्षीदाराच्या अटीचा एक परिणाम मात्र नियम करणाऱ्यांच्या अपेक्षेपलीकडचा झाला. प्रत्येकाला कोणाची तरी सोबत लागते. पाठीवर दुसऱ्याचे अन्नपाणी वाहणारा, अंधारात वाट काढून देणारा आणि मध्यरात्री रस्त्याच्या कडेला चहा करून वाट पाहणारा माणूस त्याला लागतो. ज्याने अशी मदत घेतली, तो पुढे इतरांच्या फेरीला सोबत करतो. डोंगराची माहिती अशी पुस्तकाविना एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिली.

बॉरोडेल खोऱ्यातील गवंडी बिली ब्लँड यांनी १९८२ मध्ये ही फेरी १३ तास ५३ मिनिटांत पुरी केली. ही वेळ छत्तीस वर्षे टिकली. ८ जुलै २०१८ रोजी कॅटलन धावपटू किलियन जोर्नेत यांनी ती १२ तास ५२ मिनिटांवर आणली. जगातील सर्वांत नामवंत डोंगरी धावपटू म्हणून ते तेथे आले असले, तरी प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या पुढे वाट दाखवायला स्थानिक फेल रनरच होते. आणि मूट हॉलच्या पायऱ्यांपाशी त्यांचे स्वागत करायला स्वतः ब्लँड हजर होते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॅक कुन्झल यांनी १२ तास २३ मिनिटांची नोंद केली.

याच धर्तीवर वेल्समध्ये पॅडी बकली फेरी आणि स्कॉटलंडमध्ये चार्ली रॅमसे फेरी आहे. रॅमसे यांनी १९७८ मध्ये आपली फेरी २३ तास ५८ मिनिटांत, म्हणजे मुदत संपायला दोन मिनिटे असताना, पूर्ण केली.

जॉस नेलर

जॉस नेलर (१९३६–२०२४) हे वॉस्डेल खोऱ्यातील मेंढपाळ. लहानपणच्या पाठीच्या दुखापतीमुळे ते सैन्यसेवेला अपात्र ठरले होते आणि त्यांच्या मणक्यांतील चकत्या शस्त्रक्रियेने काढाव्या लागल्या होत्या. सलग व्यायामाची योजना, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. दिवसभर मेंढ्यांमागे डोंगर चढणे-उतरणे, दगडी बांध घालणे हीच त्यांची तयारी. पहिली शर्यत ते नेहमीच्या कामाच्या बुटांत धावले, असे सांगितले जाते.

१९७५ च्या जूनमध्ये, कडक उन्हाळ्यात, त्यांनी चोवीस तासांच्या आत बहात्तर शिखरे पार केली. अंतर सुमारे १६० किलोमीटर आणि चढाई ११,००० मीटरहून अधिक होती. ही संख्या १९८८ पर्यंत कोणालाही ओलांडता आली नाही. १९८६ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आल्फ्रेड वेनराइट यांच्या मार्गदर्शिकांत वर्णिलेली २१४ शिखरे ७ दिवस १ तास २५ मिनिटांत सलग पार केली. त्या आठवड्यात पावले सुजून आणि सोलवटून गेली, घसा बंद झाला, अन्न गिळता येईना. हा विक्रम २०१४ पर्यंत म्हणजे अठ्ठावीस वर्षे टिकला. साठाव्या वर्षी साठ आणि सत्तराव्या वर्षी सत्तर शिखरे त्यांनी पार केली.

नेलर यांच्या गतीची चर्चा पुष्कळ होते. त्यांच्या समकालीनांना अधिक नवल वाटे ते त्यांच्या पाऊल टाकण्याचे. ओल्या शिळांनी भरलेल्या उतारावर कोणता दगड हलेल आणि कोणता पाय धरील, हे त्यांना न थांबता कळे. मेंढी ज्या रेषेने डोंगर आडवा कापते तीच रेषा ते धरत. मराठीत जिला आपण ढोरवाट म्हणतो, तशा मेंढ्यांच्या पुसट वाटांना तेथे 'ट्रॉड' म्हणतात. त्या नकाशात नसतात आणि सहसा अनावश्यक चढ-उतार टाळतात.

स्त्रियांचा सहभाग

लांब पल्ला स्त्रियांना झेपणार नाही, ही समजूत या खेळातही दीर्घकाळ होती. १९५५ मध्ये सोळा वर्षांच्या कॅथलीन कॉनोची हिला बेन नेव्हिसच्या शर्यतीत प्रवेश नाकारला गेला. पुरुष सुटल्यानंतर थोड्या वेळाने ती एकटी निघाली आणि ३ तास २ मिनिटांत परतली. तरीही नियम बदलायला पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९५४ मध्ये सुरू झालेल्या यॉर्कशरच्या 'थ्री पीक्स' शर्यतीत स्त्रियांना १९७९ मध्ये प्रवेश मिळाला.

बॉब ग्रॅहम फेरी पूर्ण करणाऱ्या पहिल्या स्त्री जीन डॉज (१९७७). २०१६ मध्ये जॅस्मिन पॅरिस यांनी ही फेरी १५ तास २४ मिनिटांत, तर २०२० मध्ये बेथ पास्कल यांनी १४ तास ३४ मिनिटांत पुरी केली. व्यवसायाने पशुवैद्य असलेल्या पॅरिस यांनी २०१९ मध्ये पेनाइन पर्वतरांगेवरील सुमारे ४३० किलोमीटरची 'स्पाइन रेस' स्त्री-पुरुष सर्वांमध्ये पहिल्या येऊन जिंकली. त्या वेळी त्यांची मुलगी अंगावर पिणारी होती आणि विश्रांतीच्या ठाण्यांवर त्या दूध काढून ठेवत. वेनराइट यांची २१४ शिखरे सहा दिवसांच्या आत पार करणारी पहिली व्यक्तीही स्त्रीच आहे. सब्रिना व्हर्जी यांनी २०२१ मध्ये ५ दिवस २३ तास ४९ मिनिटांची नोंद केली.

तंत्र आणि साधने

नावात धावणे असले तरी उभ्या चढावर जवळजवळ सर्वच जण चालतात. कमरेत वाकून, तळहात गुडघ्यांवर दाबून, लहान पावलांनी चढणे ही रूढ पद्धत आहे. ठरावीक तीव्रतेपलीकडे धावण्यात शक्ती अधिक जाते आणि वेळ फारसा वाचत नाही. शर्यतीचा निकाल पुष्कळदा उतारावर लागतो. नवखा धावपटू भीतीने मागे रेलतो आणि टाच रोवतो. त्याने पाय घसरण्याची शक्यता वाढते आणि मांडीच्या स्नायूंवर ताण येतो. अनुभवी धावपटू अंग उताराच्या दिशेने किंचित पुढे झुकवून, हात तोलासाठी पसरून, पावलांचा ठेका जलद ठेवतो आणि नजर पायाखाली न ठेवता चार-पाच पावले पुढे ठेवतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात, त्यामुळे शर्यतीनंतरची खरी पायदुखी उताराची असते.

बुटांचा तळ पातळ आणि खोल दातेरी असतो. बोल्टनच्या नॉर्मन वॉल्श यांचे बूट अनेक दशके या खेळाची खूण होते. लांब शर्यतींत वारा-पाऊस अडवणारे अंगभर कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिटी आणि संकटकाळासाठीचे अन्न जवळ बाळगणे सक्तीचे असते. वजन नको म्हणून यांतले काही घरी ठेवण्याचा मोह सर्वांना होतो. म्हणून शर्यतीआधी पिशव्या तपासल्या जातात.

धोके

लेक डिस्ट्रिक्टची शिखरे हजार मीटरच्याही आतली आहेत. ही उंची फसवी ठरते. बॉरोडेलमधील सीथवेट ही इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक असून तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्याचा पाऊस याहून जास्त असला तरी तो चार महिन्यांचा आणि उबदार असतो. तेथे तो बारमाही आणि गार असतो. हलक्या कपड्यांत भिजलेला, दमून वेग मंदावलेला धावपटू तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर असतानाही शरीरातील उष्णता झपाट्याने गमावतो. त्याचा पहिला परिणाम विचारशक्तीवर होतो, आणि आपण चुकीच्या दरीत उतरत आहोत हे त्याला उमगत नाही. थ्री पीक्स शर्यतीत १९७८ मध्ये आणि बटरमियर परिसरातील एका शर्यतीत २०१२ मध्ये अशा प्रकारे एकेका धावपटूचा मृत्यू झाला. त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले. प्रत्येक धावपटूची निघताना आणि परतताना मोजणी करण्यावर आता विशेष भर असतो. शर्यत सोडून दिलेल्यानेही संयोजकांना तसे कळवणे बंधनकारक आहे.

ऑक्टोबर २००८ मध्ये बॉरोडेल येथे भरलेल्या दोन दिवसांच्या डोंगरी स्पर्धेत वादळी पावसाने ओढ्यांना पूर आला आणि स्पर्धा पहिल्याच दिवशी थांबवावी लागली. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर सुमारे सतराशे माणसे बेपत्ता असल्याच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात बहुतेक जोड्यांनी पाठीवरचे तंबू ठोकून किंवा गोठे, शेतघरे व खाणीच्या इमारती यांच्या आसऱ्याने रात्र काढली आणि सकाळी ते चालत खाली आले. कोणीही दगावले नाही. स्पर्धा भरवायलाच नको होती, असे एका बाजूचे मत होते. स्वतःला सांभाळणे हाच या स्पर्धेचा विषय होता आणि तो स्पर्धकांनी साधला, असे दुसरी बाजू म्हणाली. दोन्ही मतांत तथ्य आहे. आसरा देणाऱ्या गावकऱ्यांवर आणि स्वयंसेवी बचाव पथकांवर त्या रात्री पडलेला भार मात्र या वादात काहीसा झाकला गेला.

डोंगराशी नाते

फेल रनर ज्या निसर्गाला रानटी म्हणतात, तो माणसाचा हात न लागलेला नाही. लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर पूर्वी बऱ्याच अंशी वनाच्छादित होते. वृक्षतोड आणि शतकानुशतकांची चराई यांमुळे ते आजच्यासारखे उघडे झाले. हा प्रदेश १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१७ मध्ये युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ झाला, तोही 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून. लेखक जॉर्ज मॉन्बियो यांच्यासारख्या टीकाकारांना ही मान्यता पटली नाही. मेंढ्यांनी ओरबाडलेल्या डोंगरांचा गौरव होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, ज्या मोकळ्या माळावर धावणे शक्य होते तो मेंढपाळीनेच घडवला आहे. तेथे पुन्हा दाट झाडी वाढली तर हा खेळ आजच्या रूपात राहणार नाही. या पेचाचे सोपे उत्तर नाही, आणि धावपटूंमध्येही त्याबाबत एकमत आढळत नाही.

या डोंगरांवरील हर्डविक जातीच्या मेंढ्यांचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. कुंपण नसतानाही प्रत्येक कळप डोंगराचा आपला भाग सोडत नाही. कोकरू आईमागे फिरताना ती सीमा शिकते आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. या जागेला आणि या सवयीला 'हेफ्ट' म्हणतात. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत कंब्रिया परगण्यात मोठ्या प्रमाणावर जनावरे मारावी लागली, तेव्हा मेंढ्यांच्या संख्येइतकीच चिंता या ज्ञानाची होती. विकत आणलेला नवा कळप डोंगर ओळखत नाही. त्या वर्षी डोंगर लोकांसाठी बंद राहिले आणि अनेक शर्यती रद्द झाल्या. मेंढपाळांच्या संकटाच्या काळात धावणाऱ्यांनी दूर राहावे, याला धावपटूंमधून विरोध झाला नाही. त्यांतले कित्येक स्वतः शेतकरी होते.

खेळापुढचा आजचा प्रश्न याच ज्ञानाशी निगडित आहे. लांब पल्ल्याच्या धावण्याची लोकप्रियता वाढल्यापासून बॉब ग्रॅहम फेरीला निघणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. मनगटावरील घड्याळात मार्गाची रेषा भरून घेतली, की डोंगर पूर्वी न पाहिलेला माणूसही ती धरून जाऊ शकतो. त्यामुळे हजारो पावले एकाच रेषेवर पडतात, ओल्या उतारावर गवत मरते आणि मातीचा चर तयार होतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक जण आपली वाट शोधत असल्याने पावले विखुरली जात. वाटेवर खुणा न लावणे, शर्यतीचा आकार मर्यादित ठेवणे, स्पर्धकांची संख्या ठरवणे, हे फेल रनिंगमधील जुने संकेत परक्याला कोते वाटू शकतात. डोंगराच्या दृष्टीने ते उपकारकच ठरले आहेत. अनेक शर्यतींचे प्रवेशशुल्क आजही मोठ्या शहरी शर्यतींच्या तुलनेत अगदी अल्प असते आणि बक्षीस म्हणून खाऊची पिशवी किंवा मोज्यांचा जोड मिळतो.

साहित्य

बिल स्मिथ यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला 'स्टड मार्क्स ऑन द समिट्स' हा हौशी फेल शर्यतींचा मूलभूत इतिहास मानला जातो. स्मिथ स्वतः धावपटू होते. २०११ मध्ये, पंच्याहत्तरीच्या घरात असताना, लँकशरमधील बोलंडच्या माळावर एकटे गेले असता दलदलीत त्यांचा मृत्यू झाला. रिचर्ड ॲस्क्विथ यांच्या 'फीट इन द क्लाउड्स' (२००४) या पुस्तकाने हा खेळ त्याच्या मूळ प्रदेशाबाहेरच्या वाचकांपर्यंत नेला. स्टीव्ह चिल्टन यांनीही या विषयावर पुस्तके लिहिली आहेत.

महाराष्ट्रातील समांतर प्रकार

सह्याद्रीत फेल रनिंगची परंपरा नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही यवतेश्वराच्या घाटातून कासच्या दिशेने जाणारी शर्यत चढाची असली, तरी ती डांबरी रस्त्यावर होते. वर दिलेल्या वर्गीकरणात ती बसत नाही. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी एसआरटी अल्ट्रा ही स्पर्धा गडवाटांवरून आणि डोंगरधारेवरून जाते, म्हणून ती या प्रकाराच्या अधिक जवळची आहे. पुण्यातील अनेक जण नित्यनेमाने पहाटे पायवाटेने सिंहगड चढतात आणि आपली वेळ मोजतात. त्याला स्पर्धेचे रूप नाही. सह्याद्रीत उन्हाळ्यातील पाणीटंचाई, पावसाळ्यातील निसरडे कातळ, दाट कारवी आणि सुटे कडे यांमुळे वाट सोडून धावणे बहुतेक ठिकाणी धोक्याचे आहे. शेवाळलेल्या कातळावर दातेरी तळाच्या बुटांचाही फारसा उपयोग होत नाही.